मालेगावची खडीसाखर

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. अम्मीला नाही, अब्बांना नाही, कॉलेजातल्या एकाही मैत्रिणीला नाही. दुआ मागतानासुद्धा मी या गोष्टीच्या अगदी जवळ जाते, आणि मग दुसरंच काहीतरी मागते. परीक्षेचं. अब्बांच्या गुडघ्याचं. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढे माझी जीभ उचलत नाही, हे आता मला पुरतं कळलेलं आहे.

आधी दादीबद्दल सांगायला हवं. ती माझ्या अब्बांची आई. आम्ही मंगरूळपीरला राहतो, पण तिचं माहेर इंझोरीचं. घरात आम्ही बाकीचे हिंदी-उर्दू मिसळून बोलतो, दादी मात्र इंझोरीचीच भाषा बोलते, वऱ्हाडी. रोज पहाटे फजरची नमाज ती खुर्चीवर बसून पढते, कारण पडल्यापासून तिचं कमरेचं हाड नीट जुळलंच नाही. नमाज झाली की भिंतीला धरत ओट्यावर येते आणि पूर्वेकडे तोंड करून बसते. समोरच्या घराच्या टिनांवरून सूर्य वर आला की म्हणते, "आज बी इकडूनच निघाला." मग चहा मागते.

लहानपणी मला याचं हसू यायचं. सूर्य दुसरीकडून कुठून निघणार? पण आमच्यात मानतात, की कयामतच्या मोठ्या निशाण्यांपैकी एक ही आहे. एके दिवशी सूर्य पश्चिमेकडून उगवेल, आणि त्या क्षणी तौबेचा दरवाजा बंद होईल. त्यानंतर कितीही रडा, माफी नाही. म्हणजे दादी रोज सकाळी बघत होती, की दरवाजा अजून उघडा आहे की नाही. हे मला फार उशिरा समजलं.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. रोज एसटीने वाशीमला जाते. हातात फोनही घरात आधी माझ्याच आला. दुपारी घरी आले की दादी मला जवळ बोलवायची आणि तकरीर लावायला सांगायची. मौलाना लोकांची भाषणं. तिला सगळ्यात जास्त आवडायच्या त्या कयामतच्या निशाण्या. आवडायच्या, हा शब्द बरोबर नाही. पण ती एखाद्या नातेवाइकाची खबर ऐकावी तशी त्या ऐकायची. कुठवर आला, कधी पोचतो.

वेळ आखडून जाईल, वर्ष महिन्यासारखं सरेल, असं मौलाना म्हणाले की दादी म्हणायची, "झालं हे. आत्ता रोजे सरले, आत्ता पुन्हा आले." बकऱ्या चारणारे उंच उंच इमारती बांधण्यात एकमेकांशी चढाओढ करतील, हे ऐकलं की तिचा हात पाठीमागच्या गल्लीकडे जायचा. "आपल्या बकरीवाल्यानं पाहा ना, दोन मजले चढवले, तिसऱ्याच्या सळया काढून ठेवल्या." आणि खुदकन हसायची. लोक फक्त ओळखीच्याच माणसाला सलाम करतील, ही पण एक निशाणी. "हे तं कधीचं सुरू झालं," दादी म्हणायची.

त्या दिवशी शब-ए-बारात, माफीची रात्र, चार-पाच दिवसांवर आली होती. आमच्याकडे त्या रात्रीच्या आधी लोक एकमेकांकडे जातात आणि म्हणतात, कहा-सुना माफ करा. वर्षभरात काही बोललो असू, लागलं असेल, तर सोडून द्या. बहुतेक वेळा ते नुसतं म्हणायचं असतं. शेजारीण दारातूनच म्हणते, आपण आतून म्हणतो, संपलं. पण काही माफ्या दारातून मागता येत नाहीत.

तकरीर चालू होती. मौलाना म्हणाले, अमानत बुडवली जाईल, झूटी गवाही, खोटी साक्ष, आम होईल, आणि लोकांना त्याचं काही वाटणार नाही. दादी म्हणाली, "बंद कर व ते."

मी फोन बंद केला. तिने मला आणखी जवळ बसवलं. मग जे बोलली ते मी इथे माझ्या शब्दांत सांगते, कारण तिच्या शब्दांत सांगायला मला जमणार नाही.

दादीची एक धाकटी बहीण होती, नूरबी. आमच्या वाशीमकडच्या मालेगावला दिलेली. मी तिला लहानपणापासून कधी पाहिलं नव्हतं, कारण दोन्ही घरांचं येणं-जाणं माझ्या जन्माच्या कितीतरी आधी तुटलेलं. का तुटलं ते आम्हा पोरांना कोणी सांगत नसे. तर नूरबीच्या मुलीला, शकीलाला, कारंज्याचे लोक बघायला निघाले होते. जाता जाता ते दादीकडे चहाला थांबले. ह्याच लोकांनी वर्षभर आधी दादीची स्वतःची मुलगी बघून नकार दिला होता. दादीने चहा दिला. आणि चहाबरोबर सांगितलं, की पोरगी चांगली आहे, पण तिला फिट येते.

शकीलाला कधीच फिट आली नव्हती.

ते लोक मालेगावला गेलेच नाहीत. सख्ख्या खालाने, मावशीने सांगितलेली गोष्ट, खोटी कशी असेल? ती गावोगाव गेली. शकीला फुफीचं, म्हणजे नात्याने माझ्या आत्याचं, लग्न झालं नाही. कधीच झालं नाही. नूरबीला सगळं कळलं होतं, पण दादीने कबूल केलं नाही, कुराणावर हात ठेवायची वेळ आली तेव्हा ताप आल्याचं सांगून झोपून राहिली.

"अल्ला आपला गुना माफ करन," दादी मला म्हणाली. "पण माणसाचा हक मारला तं तो माणूसच माफ करते. त्याच्यात अल्ला बी पडत नाही. तिथं ती माह्यं दामन धरन, रुख्सा. भर हशरच्या मैदानात धरन." हशर म्हणजे कयामतला सगळ्यांचा हिशेब होईल ती जागा.

तिला मालेगावला जायचं होतं. पण एसटीची पायरी तिला चढवत नाही, आणि अब्बांना म्हटलं तर ते म्हणाले, जुनं उकरू नको. फोन करून द्यायची मी तयारी दाखवली. दादी म्हणाली, अशी माफी फोनवर नसते. मग म्हणाली, "तू जाय. तू शिकलेली हायेस, तुले बोलता येते. माह्या नावानं सांगजो. म्हणजो, हाजरा खोटं बोलली होती. एवढंच म्हणजो. मग ते मायलेकी काय म्हणतीन ते मले येऊन सांगजो. शिव्या देतीन तं शिव्या सांगजो."

शिव्या दिल्या तर शिव्या सांग, हे तिने नीट बजावून सांगितलं होतं. हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्टीलच्या डब्यात चण्याच्या डाळीचा हलवा भरून दिला. अम्मीने केलेला नाही, तिने स्वतः, खुर्ची चुलीपाशी ओढून बसून हलवलेला. मी वाशीमला गेले, कॉलेजचे दोन तास केले आणि मालेगावची गाडी धरली.

घर सापडायला अडचण आली नाही. स्टँडवर विचारलं, शकीला टेलर, की लगेच सांगितलं. रस्त्यालगतच दार. दारात शिलाई मशीन, मशीनवर ती. पन्नाशीच्या आतबाहेरची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंडात टाचण्या. समोर बाकावर दोन बाया बसलेल्या, कोणाच्या तरी हळदीच्या साड्या घेऊन, आणि काहीतरी हसणं चाललं होतं. बाजूला बाजेवर एक म्हातारी तूर निवडत होती. तिने मान वर केली आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "सलाम वालेकुम, बेटा."

मी अनोळखी होते. तरी तिने सलाम केला.

शकीला फुफीने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "काय पाहिजे व?"

आता बघा. मला एक वाक्य म्हणायचं होतं. हाजरा खोटं बोलली होती. बसमध्ये मी ते किती वेळा म्हणून पाहिलं होतं. पण त्या दोन बाया माझ्याकडे बघत होत्या. मला एकदम वाटलं, हे काय घेऊन आलो आपण? कयामत जवळ आली म्हणून माझ्या दादीने माफी मागितली आहे — हे यांच्यासमोर म्हणायचं? कॉलेजात मुलं मला चिडवायची, तुमची कयामत कधी आहे गं, सुट्टी मिळते का, आणि मीही त्यांच्याबरोबर हसायचे. तेच हसू मला त्या बायांच्या तोंडावर दिसलं. दिसलं का, की मीच ते तिथे ठेवलं? त्या बिचाऱ्या तर नुसत्या बघत होत्या.

मी म्हणाले, "इथं पिको-फॉल होते का?"

"होते ना. साडी आणली काय?"

"नाही. नुसतं विचारायला आले."

म्हातारी म्हणाली, "उन्हातून आली पोरगी. पाणी दे तिले." मग स्वतःच उठली, आतून तांब्या आणला. मी तिच्या हातचं पाणी प्यायले. तिने विचारलं, "कोणाची व तू? कुठली?"

मी म्हणाले, कारंज्याची.

कारंजा का आलं तोंडात? मी हजारदा विचार केला आहे. मंगरूळ सोडून दुसरं कोणतंही गाव चाललं असतं. ज्या गावाचं नाव त्या घरात कोणी घेत नसेल, तेच मी घेतलं. फुफीचं मशीन सुरू झालं. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी तांब्या खाली ठेवला आणि निघाले. हलव्याचा डबा पिशवीतच होता.

वाटेत मी स्वतःला सांगितलं, पुन्हा येऊ. बाया नसताना येऊ. रविवारी येऊ. वाशीमच्या स्टँडवर वर्गातल्या दोघी भेटल्या. पिशवीत काय आहे म्हणाल्या, आणि मी डबा उघडला. उभ्या उभ्या तिघींनी खाल्ला. एकीने झाकणाला लागलेलाही बोटाने काढला. तुझ्या अम्मीच्या हाताला काय चव आहे, ती म्हणाली. अम्मीने नाही, दादीने केला, मी म्हणाले. तेवढं एकच त्या दिवशी खरं बोलले.

डबा रिकामा झाला तेव्हा लक्षात आलं. आमच्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. काही नसेल तर चिमूटभर साखर घालतात, पण रिकामा नाही. रिकामा डबा म्हणजे उत्तर असतं. दादी आधी डबाच उघडणार होती.

स्टँडसमोरच्या किराणा दुकानातून मी खडीसाखर घेतली. पावभर. मोठे खडे बघून घेतले. पुन्हा येऊ, रविवारी येऊ असं ज्या मनाने म्हणत होते, त्याच मनाने मी खडे निवडत होते. म्हणजे मला तेव्हाच माहीत होतं, की मी पुन्हा जाणार नाही. नाही का?

दादी ओट्यावर बसून होती. तिने मला काही विचारलं नाही. डबा हातात घेतला, झाकण काढलं, आणि खडीसाखरेचा एक खडा उचलून पाहिला. "नूरीनं भरली?" तिने विचारलं.

मी म्हणाले, हो.

"काय म्हणाली?"

शिव्या दिल्या तर शिव्या सांग, असं तिने म्हटलं होतं. तिने खऱ्यासाठी जागा ठेवली होती. मी काहीही खरं सांगू शकले असते. गेले होते, बोलले नाही, भ्याले. एवढंसुद्धा. पण मी म्हणाले, "माफ केलं म्हणाली, दादी. फुफीनं बी केलं. दोघींनी."

ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. तिने दुपट्ट्याने डब्याचं झाकण पुसलं, खुर्चीवर बसून दोन रकात शुक्राना, आभाराची नमाज, पढली, आणि मग मला जवळ ओढून माझं कपाळ चुंबलं. शब-ए-बारातच्या रात्री सगळं घर जागलं, नमाजा झाल्या, आणि मला आठवतं, दादी मध्येच झोपून गेली. कमरेचं दुखणं लागल्यापासून ती तशी गाढ कधी झोपली नव्हती.

ही माझी चूक एवढीच असती तर कदाचित मी तुम्हाला सांगितली नसती. माझ्या खोट्याने एका म्हाताऱ्या बाईला झोप लागली, असं म्हणून मी ती गुंडाळून ठेवली होती, आणि ठेवूही शकले असते.

त्याच वर्षी, पावसाळ्यात, नूरबी वारली.

अब्बांनीच ऑटो केला. दादीला उचलून आत बसवलं, मी शेजारी. मालेगावला पोचलो तेव्हा मय्यतीला आंघोळ घालून ठेवलं होतं आणि बाया दर्शन घेत होत्या. दारातलं मशीन कोपऱ्यात सरकवलेलं, त्यावर चादर. दादीला बाजेजवळ खुर्ची दिली. तिने बहिणीचा चेहरा पाहिला. एवढ्या वर्षांनी. मला वाटलं आता ती मोडून पडेल. पण तिच्या तोंडावर एक शांतपणा होता, आणि तो शांतपणा मी दिलेला होता. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

शकीला फुफी समोर बसली होती. दादीने तिचा हात हातात घेतला. आणि सगळ्या बायांच्या देखत, स्पष्ट आवाजात म्हणाली, "तुह्या अम्मीनं मले माफ करून ठेवलं, बेटा. तुवा बी केलं. माह्या नातीसंग निरोप धाडला, साखर धाडली. मी खोटं बोलली होती तुह्याबद्दल. तुले कधी फिट आली नाही. मी खोटी होती. तरी तुमी माफ केलं."

फुफीने दादीकडे पाहिलं. मग हळूच तिची नजर दादीच्या खांद्यावरून माझ्याकडे आली. चष्मा काढलेला होता, तरी तिने मला ओळखलं. मला दिसलं, की तिने ओळखलं. पिको विचारायला आलेली कारंज्याची पोरगी.

ती म्हणू शकत होती, कोणता निरोप? कोणती साखर? तिचा हक होता. जी माफी तिच्यापाशी कोणी मागितलीच नव्हती, ती तिच्या नावावर खर्च झाली होती.

"हो, खाला," ती म्हणाली. "केलं माफ."

ही माफी होती का? की मय्यतीच्या घरात एका लंगड्या म्हातारीवर केलेली दया होती? मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे, की निरोप पोचला नव्हता आणि तिने पोचला म्हणून सांगितलं. एका झूट्या गवाहीने जिचं आयुष्य गेलं, तिला मी तिच्या आईच्या मय्यतीपाशी झूटी गवाही द्यायला लावली.

जनाजा उठल्यावर मी मागच्या दाराशी उभी होते. फुफी पाणी घ्यायला आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिवशी तू गेल्यावर अम्मा म्हणे, ही पोरगी हाजराच्या तोंडावळ्याची दिसून राह्यली. मी म्हटलं, अम्मा, तुले तं सगळीकडं तेच दिसते." तिने तांब्या भरला. "मंग लय वेळ दारात बसून होती. तूर तशीच राह्यली."

मी काहीतरी म्हणाले असेन. फुफी, मी — असं काहीतरी. तिने हाताने थांबवलं. "तुह्या दादीले घरी ने. तिले बसवत नसन," म्हणाली, आणि आत गेली.

नूरबी काय म्हणाली असती? हा प्रश्न माझ्यापाशी राहिला आहे. कदाचित शिव्या दिल्या असत्या. कदाचित डबा रस्त्यावर फेकला असता. कदाचित नुसतं विचारलं असतं, एवढी वर्षं काहून लागली? ते सगळं तिचं होतं. हो म्हणायचंही, नाही म्हणायचंही. ती दारात बसून वाट बघत होती आणि मी तिच्या हातचं पाणी पिऊन निघून आले.

त्यानंतर मी मालेगावला गेलेले नाही. फुफी आहे अजून, मशीन आहे. दादीची माफी तिच्यापाशी खरी मागता येईल अजून, आणि माझीही. पण दादीने मागायची तर आधी मला दादीला सांगावं लागेल. रोज ठरवते. तिचं सुख मोडायचं नाही, असं स्वतःला सांगते, आणि मला कळतं, की मी दादीच्या नाही, माझ्याच सुखाबद्दल बोलते आहे.

या वर्षीच्या शब-ए-बारातला दादीने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, कहा-सुना माफ कर बेटा, तुह्यावर कधी चिडली असन. मी म्हणाले, माफ केलं. मग माझी पाळी होती. मीही म्हणाले, रीतीप्रमाणे, तू बी माफ कर दादी. "सगळं केलं," ती म्हणाली. "तुह्यं तं सगळंच माफ हाये." कशाबद्दल, ते तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

ती खडीसाखर तिने संपू दिली नाही. त्याच डब्यात आहे. दर जुम्याला, शुक्रवारी, एक खडा काढते, अडकित्त्याने फोडते, कण कण करून खाते. मालेगावची आहे म्हणते. नूरीच्या हातची.

आज जुमा. मी चहा घेऊन ओट्यावर गेले तेव्हा ती बसलेली होती. टिनांवरून सूर्य वर आला. "आज बी इकडूनच निघाला," ती म्हणाली. मी त्या दिशेला पाहिलं. खरंच तिकडूनच निघाला होता. मग तिने खडा फोडला, अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला आणि अर्धा माझ्या तळहातावर ठेवला.

मी तो खाल्ला.